आत्यांच्या हातचा सालीचा चहा

माझ्या सासूच्या हातच्या चहात दूध नसायचं आणि चहाची पूडही नसायची, तरी कळसला आमच्या आळीत सगळे त्याला चहाच म्हणायचे. डाळिंबाच्या वाळलेल्या साली, सुंठेचा तुकडा, चिमूटभर ओवा आणि गूळ. पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं आणि फडक्यातून गाळायचं. रंग स्टँडवरच्या हॉटेलातल्या कडक चहासारखा, पण चव अशी तुरट की जीभ टाळूला चिकटायची. लग्नानंतर पहिल्यांदा प्याले तेव्हा मला गिळता येईना आणि नव्या नवरीला थुंकताही येईना. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पी गं पोरी. तोंडाला नको इचारू, पोटाला इचार."

सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून इथंही तेच म्हणते. माझं माहेर कन्हेरीचं, बारामतीला खेटून. नव्वद साल उलटल्यावर लवकरच लग्न होऊन मी इंदापूर तालुक्यात कळसला आले. माहेरी ऊस आणि पाटाचं पाणी, सासरी माळरान आणि तळ गाठलेली विहीर. तरी मी फार नाक मुरडलं नाही, कारण माणसं बरी होती.

मामांची उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागं गेली. कळप घेऊन घाट उतरायचे, कोकणात खतासाठी लोकांच्या शेतात मेंढरं बसवायचे, उघड्यावर झोपायचे. शिळी भाकरी, मिळेल ते पाणी आणि मिळेल तितका चहा. "दगड खाल्ला तरी पचवीन," असं म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. पुढं मेंढरं विकली, रानात डाळिंबाची बाग लावली, ठिबक आलं, बाग माझ्या नवऱ्यानं हातात घेतली आणि मामा घरी बसले. बसल्यावर त्यांचं पोट बोलायला लागलं. जळजळ, आंबट ढेकरा, जेवलं की गुबारा. डॉक्टरनं चहा बंद करायला सांगितला. त्यावर मामा असे सुतकी चेहऱ्यानं बसले की येणाराजाणारा विचारायचा, काय झालं, कोण गेलं?

मग आत्यांनी युक्ती केली. चहाच्या वेळेला, चहाच्याच कपबशीत सालीचं पाणी त्यांच्यापुढं ठेवलं. मामांनी बशीत ओतलं, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि थांबले.

"पावडर बदलली व्हय?"

"व्हय. नवी आलीया दुकानात."

"कुठली म्हनायची ही?"

"गप प्या की."

मामांना कळायचं ते कळलं. त्यांनी बशी संपवली, मिशा पुसल्या आणि कप पुढं केला. तेव्हापासून रोज सकाळी हाच चहा. पोट खरंच शांत झालं. मग आळीत कुणाला जुलाब लागले, कुणाचं पोट दुखायला लागलं की बायका वाटी घेऊन आमच्या दारात यायच्या. आत्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळ्याजणी म्हणायच्या. आत्या वरवर म्हणायच्या, "माझं काय हाय त्यात? झाडाचं हाय." पण त्या दिवशी त्यांच्या भाकऱ्या जरा जास्तच फुगायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

झाडाचं म्हणजे आमच्या परसातल्या डाळिंबाचं. न्हाणीच्या पाण्यावर आपोआप वाढलेलं. फळं लहान, दाणे फिकट आणि आंबट. कुणी त्याच्याकडे बघायचं नाही, आत्या सोडून. पण आमच्या घराला स्लॅब टाकायची वेळ आली तेव्हा ते झाड भिंतीच्या आड येत होतं. नवरा म्हणाला, "तोडू या." आत्या दोन दिवस अबोला धरून बसल्या. तो हसला, म्हणाला, "आये, एका झाडासाठी रडतीस? बागभर झाडं हायती की आपली. घे तुला पायजे तेवढ्या साली." बोलणं बिनतोड होतं. झाड गेलं.

बागेतलं चांगलं फळ पेटीत भरून बाजारला जायचं. तडकलेलं, डागी, अळीनं पोखरलेलं फळ घरी यायचं. त्यातलं थोडं आळीत वाटलं जायचं, बाकीचं आम्ही खायचो आणि साली आत्या ठेवायच्या. मेंढरांमागं संसार केलेली बाई, तिच्या हातून काही वाया जात नसे. साल ओली झाली की बुरशी धरते, म्हणून त्या फळ कधी धुवायच्या नाहीत. कोरड्या फडक्यानं पुसायच्या, साल काढायच्या, पत्र्यावर पसरून वर जुनं लुगडं टाकायच्या आणि कडकडीत वाजायला लागली की डब्यात भरायच्या. बागेतली साल जाड, लालभडक, दिसायला देखणी. आत्या खूश होत्या. "परसातल्यापरीस ही बरी," म्हणायच्या.

आणि त्याच वर्षापासून मामांचं पोट पुन्हा बिघडलं.

या खेपेला जळजळ नव्हती. पोटात पिळा पडायचा, जुलाब व्हायचे, घामानं अंगरखा भिजायचा. तोंडाला सारखं पाणी सुटायचं, ते उपरण्यानं पुसत राहायचे. जुलाब म्हटल्यावर आत्यांनी काय करावं? साली जास्त टाकून चहा कडक केला आणि सकाळसंध्याकाळ द्यायला लागल्या. मामा दोनच दिवसांत खाटेला लागले. घाट चढून-उतरून कमावलेला माणूस, पण आधाराशिवाय परसाकडे जाता येईना. मला भीती वाटायला लागली. आत्यांनाही वाटत असणार, पण त्या चुलीपुढून हलायच्या नाहीत. उकळत राहायच्या.

शेवटी नवऱ्यानं जीप ठरवली आणि त्यांना बारामतीला एका दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, "शेतात फवारणी करता का?"

"न्हाय," मामा म्हणाले, "पोरगं करतंय."

"मग बागेत जाऊ नका. वाऱ्याच्या दिशेला बसूसुद्धा नका."

मामा तसेही बागेत जात नव्हते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं ते झालं. पण त्यात डॉक्टरचा दोष नाही. सालीच्या चहाबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नाही. चहाबद्दल काय सांगायचं, असंच आम्हाला वाटलं.

सलाईन लावलं होतं तेवढे दिवस आत्या माझ्या माहेरी कन्हेरीला राहिल्या. मी लेकीला घेऊन सोबत होते. ती तेव्हा नुकतीच चालायला लागली होती. गडबडीत आत्यांचा सालींचा डबा कळसलाच राहिला होता, त्याचा त्यांनी फार घोर घेतला. पण आईच्या परसात डाळिंबाचं एक झाड होतं, त्याची फळं पाखरंच खायची. आत्यांनी ती काढली, साली पत्र्यावर वाळवल्या आणि थर्मासमधून चहा दवाखान्यात न्यायला लागल्या. नर्सची नजर चुकवून मामांना पाजायच्या. मामा झपाट्यानं सुधारले. उठून बसले, गुरगुट्या भात मागायला लागले. आत्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बघितलंस? बाटल्या लावून काय हुत न्हाय. माझ्या चहानं उठलं त्ये."

मी हसले. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

कळसला परतताना आईनं उरलेल्या साली पुडीत बांधून दिल्या. त्या होत्या तोवर मामा ठणठणीत होते. पारावर जाऊन गप्पा मारून यायचे. पुडी संपली, आत्यांनी आपला डबा काढला आणि चार दिवसांत मामा परत खाटेवर. तोच पिळा, तोच घाम, तीच लाळ. आता त्यांचे हातही थरथरायला लागले होते. कपबशी धरता येईना, म्हणून आत्या स्वतः बशी त्यांच्या ओठाला लावायच्या.

एका सकाळी आत्या मामांचे पाय चोळत बसल्या होत्या, म्हणून साली कुटायला मी डबा उघडला. नवऱ्याचे फवारणीचे कपडे मीच धुवायची. ते वेगळ्या बादलीत भिजवायचे आणि तरी हाताला वास राहायचा. उग्र, लसणासारखा, डोकं चढवणारा. डब्याचं झाकण काढलं आणि तोच वास आला. अगदी मंद. ओव्यासुंठेच्या घरात सहज लपून जाईल इतका. मी साल नाकाशी धरली. मग दुसरी धरली. तीही तशीच.

कन्हेरीच्या झाडावर कुणी कधी पंप मारला नव्हता. आमच्या परसातल्या झाडावरही नाही. हात तोच, गूळ तोच, सुंठ तीच. बदलली होती फक्त साल. फवारा बसतो तो सालीवरच, आणि आम्ही ती न धुता, न पुसल्यासारखी पुसून, वाळवून, तासभर उकळून त्याचा अर्क माणसाला पाजत होतो. दाणे खाणाऱ्याला काही होत नव्हतं, म्हणून कुणाच्या डोक्यात आलंच नाही. साल उकळून रोज पिणारे फक्त मामाच, आळीत जायचा तो कधीमधी वाटीभर.

मी चहा चुलीवर चढवलाच नाही. गूळ-सुंठेचं पाणी आत्यांच्या हाती दिलं आणि तडक बाग गाठली. नवरा पंपाला वायसर बसवत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"मला वाटलं, उकळल्यावर जात आसंल," तो म्हणाला.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मागं एकदा आत्या लेकीला चमचाभर चहा पाजायला निघाल्या होत्या, तेव्हा यानंच त्यांचा हात धरला होता. ल्हान हाय, नको द्यूस, म्हणाला होता. तो स्वतः तर कधीच तो चहा घ्यायचा नाही. मला दुधाचाच लागतो, म्हणायचा.

"म्हणजे तुमच्या मनात आलं होतं."

"मनात काय, इचार आला आन गेला. समदी फवारत्यात. मी काय एकटा हाय? तोडा तोंडावर आल्यावर अळी पडली, न फवारून काय करू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आयेला सांगू नको. तिला कळलं म्हंजी आळीला कळंल. आळीला कळलं म्हंजी व्यापारी बांधावर यायचा न्हाय. साली गुपचूप टाकून दे, काय तरी कारन सांग."

माझी जीभ तशीच तिखट आहे, माहेरी आई त्यासाठीच कायम टोकायची. पण कुंपणच शेत खातंय तर कुणाला हाक मारायची? मी एवढंच म्हटलं, "तुमचा बाप हाय तो." आणि घरी आले. त्याचं ते "उकळल्यावर जात आसंल" मला अजून ऐकू येतं, आणि अजून डोकं तापतं.

आता धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी माझी गत. नुसत्या साली टाकल्या असत्या तर आत्यांनी नव्या वाळवल्या असत्या. बाग होतीच. म्हणून मी त्यांना चुलीपाशी बसवलं आणि जसं होतं तसं सांगितलं. नवरा काय म्हणाला तेवढं गाळलं. ते त्यांच्या पोटचं पोर होतं.

आत्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "कुनाच्या डोळ्याला दिसतंय ह्ये तू म्हनतीस त्ये?"

"वास घ्या तुम्ही."

"मला न्हाय येत वास."

खरंच येत नसेल. जन्मभर चुलीच्या धुरात बसलेलं नाक. त्यांनी डब्यातून दोन मुठी साली काढल्या, पातेल्यात टाकल्या, पाणी ओतलं. मला वाटलं, हट्टानं मामांनाच देतात. मी आडवी आले. त्यांनी मला हातानं बाजूला सारलं, चहा उकळू दिला, गाळला आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या स्वतः प्यायल्या. सगळा. मी हात धरला तर म्हणाल्या, "सोड. माझ्या घरधन्याला पाजलाय, मला प्याला काय धाड भरलीया?"

तोवर आत्यांनी तो चहा कधी घेतला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मामांचा झाला की उरलेला आळीला जायचा. त्यांच्या वाटणीला काही उरायचंच नाही.

संध्याकाळी परत तसाच केला, परत प्यायल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना गोठ्यामागं बघितलं. भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोट दोन्ही हातांनी धरलेलं, पदर घामानं ओला, तोंडातून लाळ. मी धावले. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"व्हय," म्हणाल्या. एवढंच. थोड्या वेळानं म्हणाल्या, "असं हुत हुतं त्यास्नी. आन मी वर पाजीत हुते."

मग मात्र रडल्या. त्यांना इतकं रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. दवाखान्यात यायला तयार झाल्या नाहीत. मी गावातल्या डॉक्टरला घरी आणलं, त्यानं इंजेक्शन दिलं, त्या निभावल्या. त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं. मामांना सांगायचं नाही. "त्यास्नी कळलं तर माझ्या हातचं पानी तरी गोड लागंल का?" मी हो म्हटलं. डबा मी लांब खड्डा खणून पुरला.

मामा हळूहळू बरे झाले. आत्या त्यांना कपबशीत सुंठ-गुळाचं पाणी द्यायच्या, रंगाला चिमूटभर चहाची पूड. ते बशीत ओतायचे, फुंकर मारायचे, प्यायचे. चवीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. उलट मिशा पुसून मोठ्यानं म्हणायचे, "वा! ह्या चहानं जगवलं बघ मला."

आणि इथून आत्यांचे हाल सुरू झाले. मामा पारावर सांगायचे, पाहुण्यांना सांगायचे, वाटेनं जाणाऱ्याला थांबवून सांगायचे. डॉक्टरनं हात टेकले हुते, आमच्या हिनं सालीच्या चहानं उठवलं. प्रत्येक वेळी आत्यांचा चेहरा उतरायचा. त्या उठून आत जायच्या, उगीच भांडी हलवायच्या. त्यांचं जेवण कमी झालं. आळीतल्या बायका वाटी घेऊन आल्या की साली संपल्या म्हणून परत पाठवायच्या. बायकांना वाटलं, म्हातारी आता शिष्ट झाली. नवरा बागेत फवारत होता. मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचे. घरात मोठी चार माणसं होती आणि कुणी कुणाशी खरं बोलत नव्हतं.

असे काही महिने गेले. एका सकाळी शेजारची भाबी आली. तिच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून घर. तिची नात, माझ्या लेकीएवढीच, खांद्यावर मान टाकून पडली होती. डोळे खोल गेलेले. भाबीच्या दुसऱ्या हातात स्टीलचा डबा होता.

"रातीपासनं जुलाब थांबंना हिचं," ती आत्यांना म्हणाली. "तुमच्याकडल्या साली संपल्यात म्हनून मी ह्या आनल्या. मागल्या तोड्याला तुमीच डाळिंबं दिल्ती न्हवं? तुमच्यावानीच वाळवून ठिवल्यात. किती उकळायचं तेवढं सांगा. न्हाय तर तुमच्याच हातानं करून द्या, तुमच्या हाताला गुण हाय."

तिनं झाकण उघडलं. लालभडक, देखण्या, कडकडीत वाळलेल्या साली.

मामा खाटेवर होते. म्हणाले, "दे की गं आपल्या घरातला करून. मला कसं खडखडीत केलंस."

आत्या डब्याकडे बघत राहिल्या. मला त्यांची दया आली आणि मी पुढं झाले. म्हटलं, "भाबी, या जुन्या झाल्यात, बुरसल्यात, नका देऊ. आधी डॉक्टरकडे न्या पोरीला." खोटं होतं, पण पोर वाचत होतं आणि म्हातारीची अब्रूही.

"तू गप," आत्या म्हणाल्या.

त्यांनी भाबीच्या हातातून डबा काढून घेतला आणि खाली ठेवला. "बुरसल्या न्हायती. फवारलेल्या हायती. आमच्या समद्या बागंवर फवारा हाय, आन त्यो सालीवर बसतोय. ह्याच साली उकळून मी ह्यास्नी पाजल्या. एकदा न्हाय, दोनदा मरनाच्या दारात न्हेलं मी ह्यास्नी. माझ्या हाताला गुण न्हाय, भाबी. ह्यातला एक थेंब पोरीच्या तोंडात घालू नको. जा, डाक्टरकडं पळ."

भाबी पोरीला घट्ट धरून पळत सुटली. तिच्या चपला आमच्या दारातच राहिल्या.

आत्यांची पाठ मामांकडे होती आणि त्या वळायला तयार नव्हत्या. मामांनीच तोंड उघडलं.

"मला ठावं हुतं."

आत्या वळल्या.

"सूनबाई चुलीपाशी तुला सांगत हुती तवा मी जागाच हुतो. ह्या भिताडाच्या अल्याड. मगाशी बी सुंठीचाच करून दे म्हनत हुतो, सालीचा न्हाय."

"ठावं हुतं?" आत्यांचा आवाज फाटला. "मग गावभर माझं गोडवं का गात फिरला? येता-जाता माझ्या चहानं वाचलो, माझ्या चहानं वाचलो..."

मामा गोंधळले. "तुला बरं वाटंल म्हनून," ते म्हणाले. "तू जेवंनाशी झालीस. म्हटलं, चारचौघांत हिचं नाव घेतलं तर मनाला लावून घ्यायची न्हाय."

"सुरी फिरत हुती वो काळजावर, दर टायमाला," आत्या म्हणाल्या. "सुरी."

मामा हातानं खाट चाचपत राहिले.

तेवढ्यात नवरा बागेतून आला. पाठीवर पंप तसाच. "भाबी पळत कुठं गेली?" त्यानं विचारलं. आत्यांनी त्याला सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाल्या, "मागल्या तोड्याला ज्या ज्या घरी आपली डाळिंबं ग्येली, त्या समद्या घरी जा. साली ठिवल्या आसतील तर टाकून द्या म्हनून सांग. कशापाई त्ये बी सांग."

"आये, बागंचं नाव—" तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याची बाजू घेईन असं त्याला कसं वाटलं, कोण जाणे. मी त्याची नजर धरून ठेवली. त्यानंच ती खाली घातली. पण जागचा हलला नाही.

आत्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग पदर कमरेला खोचला, भाबीचा डबा उचलला आणि त्याला वळसा घालून बाहेर पडल्या. मामा काठी शोधायला लागले. मी दिली. ते त्यांच्या मागं निघाले, धापा टाकत, "थांब की, थांब की," म्हणत. पहिल्याच घराच्या दारात त्यांनी आत्यांना गाठलं. आतून बाई बाहेर आली. मामा घाईघाईनं सांगायला लागले, "आगं, त्याचं काय झालं, हिची काय बी चूक नव्हती, हिला काय म्हाईत—"

"तुमी जरा थांबा," आत्या म्हणाल्या. "मी पाजलंय. मला सांगू द्या."